ठोक्यांचं घड्याळ आणि माझी माय

माझ्या मायचं नाव पंचफुला. पांढुर्ण्यात मात्र तिला सगळे मुकुंदाची माय म्हणत. वास्तविक मुकुंदाच्या चार वर्षं आधी मी जन्माला आले, म्हणजे न्यायानं ती जयश्रीची माय. पण मी पडले सौंसरला दिलेली, तासाभराच्या बसवरची. दर रविवारी पिशवी घेऊन दारात उभी राहणाऱ्या लेकीच्या नावानं आईला कोण ओळखणार? मुकुंदा होता अमेरिकेत. पिकतं तिथं विकत नाही हे आमच्याकडे संत्र्यांविषयी म्हणतात, पण ते लेकींना जास्त लागू पडतं.

माय बुटकी, चपळ आणि सरळ. किती सरळ, तर बागेचा सौदा करायला व्यापारी यायचा, बाबा त्याला फळाची गोडी वर्णून सांगायचे आणि माय दारातून म्हणायची, "त्या विहिरीपासच्या झाडाचे मात्र आंबट हायेत बरं का, भाऊ." बाबा कपाळाला हात लावायचे. व्यापारी हसायचा आणि भाव पाडायचा. रात्री बाबा चिडले की ती म्हणे, "त्यानं खाल्लं असतं तं त्याले समजलंच असतं ना. मंग आपलं तोंड कसं दिसलं असतं?" माझे बाबा पुंडलिकराव, संत्र्याच्या कलमांचा जाणता माणूस. बोलण्यात मायपुढे त्यांचं कधी चाललं नाही.

मुकुंदा नागपूरला इंजिनीअर झाला आणि तिकडून परस्पर अमेरिकेला गेला. लग्नासाठी म्हणून एकदा आला, बायकोला घेऊन गेला, तो परत आलाच नाही. मुलगी झाली तिकडेच. आम्ही तिला फोटोत पाहिली. मायनं तो फोटो देवघरात बाळकृष्णाच्या शेजारी ठेवला आणि दोघांना एकाच वाटीतून लोणी-साखर दाखवू लागली.

आमचं घर स्टेशनच्या अंगाला. नागपूरकडची गाडी येऊन गेली की माय हातातलं काम टाकून दाराशी यायची. मी एकदा विचारलं, काय बघतेस? दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, तुळस पाहते. हिनं सांगितलं, "मुकुंदा आला का ते पाहून राहिली."

"अगं, कळवल्याशिवाय अमेरिकेहून कोण येतं?"

"येतबी असन एखादा," ती म्हणाली आणि स्टेशनवरून येणारी माणसं संपेपर्यंत तिथंच उभी राहिली.

बागेतलं एक झाड ती दर वर्षी व्यापाऱ्याला देत नसे. ते मुकुंदाचं झाड. हिवाळ्याच्या तोंडाशी आंब्या बहाराची सगळी बाग तोडून झाली, पेट्या भरून गेल्या, तरी ते एक झाड फळांनी लगडलेलं उभं असायचं. मग फळं पोकळ व्हायची, साल सुटायची, एकेक करून खाली पडायची. वानरं खायची, पाखरं खायची. मला मात्र त्यातलं एक तोडून घ्यायची टाप नव्हती. राग यायचा मला, का नाही येणार! पण तिच्या तोंडाकडे पाहिलं की बोलवत नसे.

शहाऐंशीच्या थंडीत बाबांना बागेतच झटका आला. खुंटावर कलमाचा डोळा बांधायला बसले होते, तिथंच छाती धरून आडवे झाले. भैय्याजींनी त्यांना जीपमध्ये घालून नागपूर गाठलं. हे भैय्याजी बाजारातले कापसाचे अडत्ये, बाबांचे जुने स्नेही, आणि आमच्या ओळखीत फोन असलेले एकटेच. बाबा वाचले. मुकुंदा येऊ शकला नाही. त्याच्या तिकडे राहण्याच्या कागदांचं काहीतरी अडलं होतं, निघाला असता तर परत जाता आलं नसतं. मायनं ते ऐकून घेतलं. "बाप वाचला ना, मंग झालं," एवढंच म्हणाली. पण त्या वर्षी झाडावरची फळं पडली तेव्हा ती बागेत गेलीच नाही.

आता घड्याळाचं सांगते. अठ्ठ्याऐंशी साली मुकुंदानं नागपूरला येणाऱ्या एका मित्राच्या हाती ते पाठवलं. जपानी बनावटीचं, काळं, रबरी पट्ट्याचं. आकड्यांच्या खाली नखाएवढी एक काच. त्या काचेवर बोट ठेवून स्वस्थ बसायचं. आत एक बारीकसं चित्र लुकलुकायचं आणि जरा वेळानं आकडा यायचा. मिनिटाला हृदयाचे किती ठोके पडतात, तो आकडा. बाबांना डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं, ठोके उगाच पळायला नकोत असं बजावलं होतं. मुकुंदानं फोनवर सांगितलं, "बाबा, हे मनगटाला बांधायचं आणि काचेवर बोट ठेवायचं. बस्स. मला दर महिन्याला आकडा सांगायचा."

बाबांनी घड्याळ बांधलं, बोट ठेवलं. काचेवर नुसत्या रेघा आल्या. पुन्हा ठेवलं, पुन्हा रेघा. तिसऱ्यांदा एकशे नव्वद आला आणि माय किंचाळली. बाबा आरामात तंबाखू चोळत होते, एकशे नव्वद ठोक्यांचा माणूस असा बसत नाही हे मलाही कळलं. पुढच्या खेपेला चाळीस आला.

दोष होता बाबांच्या बोटांचा. उभा जन्म त्यांनी संत्र्याच्या खुंटांवर डोळे बांधण्यात घालवला होता. चाकूच्या धारेनं अंगठा आणि तर्जनी चिरून चिरून बोटांची टोकं जुन्या झाडाच्या सालीसारखी झाली होती. त्यावर चुन्याचा थर. त्या बोटातून घड्याळाला काही दिसेना की काय कोण जाणे. पण हे सगळं मला नंतर समजलं. तेव्हा आम्ही एवढंच धरून चाललो की बाबांना बटण नीट दाबता येत नाही.

"सरका, मी ठेवतो बोट," माय म्हणाली. बाबांचं मनगट तिनं आपल्या मांडीवर घेतलं आणि त्यावरच्या घड्याळावर स्वतःचं बोट ठेवलं. धुण्याभांड्यानं पातळ झालेलं मऊ बोट. चित्र लुकलुकलं आणि चौऱ्याहत्तर आला. परत ठेवलं, परत चौऱ्याहत्तर.

"पहा!" माय म्हणाली. "असं हाये ते."

मी शंका काढली होती, हे इमानानं सांगते. मी म्हटलं, "बोट तुझं आहे ना पण?"

"घड्याळ कोणाच्या हातावर हाये? याईच्या. डॉक्टर नाडी कुठं पाहते? मनगटावर. बोट तं फक्त घंटी दाबाले. अवं, घंटी कोणीबी दाबो, वाजते त्याच घरात ना?"

बाबा म्हणाले, "बरोबर हाये." मग मायनं आणखी एक पुरावा दिला. "आन् सत्यनारायणात काय करतो आपण? पूजा हे करतेत, मी त्याईच्या हाताले हात लावतो. पुण्य मिळते का नाई? तसंच हाये हे." आता सत्यनारायणापर्यंत गोष्ट गेल्यावर मी काय बोलणार? मी सौंसरच्या शाळेत हिंदी शिकवत होते. घड्याळातलं मला तरी काय कळत होतं! नाडी मनगटावर असते हे मीही पोरांना शिकवलं होतं. मला तिचं म्हणणं पटलं.

घरी आकडा नेहमी सत्तरीतला यायचा. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की दोघं ओसरीवर बसत, बाबा हात पुढे करीत, माय बोट ठेवी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघांना असं हातात हात घेऊन बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. शेजारच्या लीलाबाई तर म्हणाल्या, "काय व पंचफुला, म्हातारपणी लग्न लागलं का तुमचं?" माय लाजली आणि आत पळाली.

घोळ झाला तो फोनच्या रविवारी. महिन्यातून एका रविवारी सकाळी भैय्याजींच्या अडतीच्या गादीवर मुकुंदाचा फोन येई. माय त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसायची. सात समुद्रापलीकडून त्याला लुगडं दिसणार नव्हतं, पण असो. फोन वाजला की बाबा उजव्या हातानं रिसीव्हर कानाला लावत आणि घड्याळाचा डावा हात मायपुढे करत. कारण मुकुंदानं सांगून ठेवलं होतं, "मागचे आकडे नको, आत्ता बघून सांगा." मग माय बोट ठेवायची आणि मान वाकडी करून रिसीव्हरमधून झिरपणारा लेकाचा आवाज ऐकायची.

पहिल्याच वेळी आकडा आला एकशे सहा.

"बाबा, चालत आला असाल. थोडं बसा. परत बघा." परत एकशे दहा.

पुढच्या महिन्यात त्यानं तासभर आधी येऊन स्वस्थ बसायला लावलं. ते दोघं तासभर आधी येऊन बसले. एकशे चौदा. बाबा म्हणाले, "अरे, घरी तं पंच्याहत्तर येते!" मुकुंदा म्हणाला, घरचं जाऊ द्या, बसल्या जागी एवढे ठोके म्हणजे चांगलं लक्षण नाही. पांढुर्ण्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं होतं, पण मुकुंदाचा जपानी घड्याळावर जास्त विश्वास. त्यानं तिकडच्या कुणा डॉक्टराला विचारलं, त्यानं आणखी घाबरवलं.

या सगळ्यात फोनची वेळ संपत यायची आणि मग रिसीव्हर मायकडे यायचा. "माय, कशी आहेस?"

"बरी हावो. तू कवा येतं, बाप्पा?"

"बघतो गं माय. पुढच्या वर्षी नक्की. बाबांना जप." आणि फोन कट. माय बंद पडलेला रिसीव्हर थोडा वेळ तसाच कानाला धरून ठेवायची. भैय्याजी तोंड फिरवून उगाच कापसाच्या गाठी न्याहाळत बसायचे.

त्या पावसाळ्यात ती सौंसरला माझ्याकडे आली. म्हणाली, जामसांवलीला जायचं. मारुतीच्या दर्शनाला आम्ही दोघी गेलो. ती मूर्तीपुढे बराच वेळ हात जोडून उभी होती. येताना बसमध्ये मी विचारलं, काय मागितलंस? नवस सांगू नये म्हणतात, पण मायच्या पोटात काही राहत नसे.

"मुकुंदाले आण म्हटलं. पण याईले काई होऊ देऊ नोको, असा आण. रोडग्याचं जेवण बोलली."

मी हसले. "देवालाही अटी घालतेस!"

ती हसली नाही. खिडकीबाहेर पाहत हळू आवाजात म्हणाली, "जयश्री, आकडा जास्त आला ना, का माह्या जीवाले घोर लागते. याईचं कसं होईन म्हणून हात-पाय गार पडतेत. पण आत कुठंतरी गोडबी लागते. वाटते, आता तं तो येईनच. नवऱ्याचं दुखणं वाढलं म्हणून मनात गोड लागते, अशी कशी व मी बायको?"

मला तेव्हा मुकुंदाचा असा राग आला की समोर असता तर कानाखाली दिली असती. पण समोर कुठला असायला! मी मायचा हात धरला.

दिवाळीनंतरच्या फोनला मी हजर होते. आकडा एकशे वीसच्या पुढे गेला. बाबांनी तो सांगितला. मग बाबा नुसते "हो, हो" म्हणत राहिले आणि रिसीव्हर खाली ठेवून मायला म्हणाले, "अवं, मुकुंदा येऊन राहिला." तिला आनंदही करता येईना आणि रडताही येईना. ती बाबांच्या छातीवर हात फिरवत राहिली आणि तोंडानं म्हणत राहिली, "तुमाले काई होत नाई, तुमाले काई होत नाई."

डिसेंबरात मुकुंदा आला, एकटाच; त्याच्या कागदांचं मधल्या काळात मिटलं होतं. अंगानं भरला होता, पुढचे केस गेले होते. मायनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्याला आधी बागेत नेलं, झाड दाखवायला. यंदा निम्मी फळं अजून चांगली होती. तो खात होता आणि ती सोलत होती. एक संपायच्या आत दुसरं पुढे. "बस माय, पोट फुटेल," तो म्हणाला, तर म्हणे, "मागच्या सालचेबी खाय."

दुसऱ्याच दिवशी तो बाबांना घेऊन नागपूरला गेला. दोन दिवस तपासण्या झाल्या, छातीला तारा लावून कागदावर रेघा काढून झाल्या. डॉक्टर म्हणाले, या वयाला आणि झटका येऊन गेलेल्या माणसाला याहून चांगली प्रकृती काय असणार. ठोके एकदम शांत. देवानं मायचा नवस शब्दाला शब्द लावून पुरा केला होता.

परत आल्यावर संध्याकाळी सगळे ओसरीवर बसलो. मुकुंदाचं इंजिनीअर डोकं काही स्वस्थ बसेना. "बाबा, घड्याळात बघता कसं ते दाखवा बरं."

बाबांनी डावा हात पुढे केला. माय सवयीनं आली, बसली आणि बोट ठेवलं.

मुकुंदा बघतच राहिला. "माय, तू का बोट ठेवून राहिली?"

"मीच ठेवतो. याईच्या बोटानं नाई होत."

"नेहमी?"

"नेहमीच."

तो असा हसत सुटला की डोळ्यांतून पाणी आलं. हसत हसत त्यानं समजावलं, की घड्याळ मनगटातलं काही ऐकत नाही. काचेवर जे बोट असेल त्यातून वाहणारं रक्त पाहून ते मोजतं. बोट ज्याचं, ठोके त्याचे. घड्याळ दुसऱ्याच्या हातावर बांधा नाहीतर खुंटीला अडकवा. बाबाही हसू लागले, "म्हणजे तुले इतके दिवस तुह्या मायचेच ठोके कळवून राहिलो!" माय ओशाळली आणि तीही हसली. घरावरचं मळभ गेलं. बाबा ठणठणीत होते, आता आणखी काय पाहिजे?

आणि मग मुकुंदा डोळे पुसत म्हणाला, "उगाच आलो मी. उगाच एवढी धावपळ."

वाईट मनानं म्हणाला नव्हता, हे मला आजही मान्य आहे. सुटकेचा श्वास टाकताना माणूस म्हणतो तसं म्हणाला. पण मायचं हसू जिथल्या तिथं थांबलं. ती बोट लुगड्याला पुसू लागली. मला राहवेना.

"काय रे इंजिनीअर," मी म्हटलं, "बाबांचे नव्हते, मायचे होते ना ते ठोके? मग मायचे एकशे वीस कशाला झाले होते, ते नाही विचारलंस?"

तो गोंधळला. खरंच त्याच्या डोक्यात ते आलं नव्हतं. त्यानं घाईनं मायचं बोट धरून काचेवर ठेवलं. सगळे थांबलो. बहात्तर आला. "बघ, नॉर्मल आहे," तो म्हणाला.

"आत्ता नॉर्मलच असणार. आत्ता तू समोर बसला आहेस. घरी बाबांजवळ बसली की सत्तर आणि तुझा फोन आला की एकशे वीस. घड्याळ चुकलं नाही रे तुझं. एकदाही चुकलं नाही."

"गप व जयश्री," माय म्हणाली. "च्या ठेवतो." ती उठून आत गेली. मुकुंदा तसाच घड्याळाकडे बघत बसला. मग तोही उठून स्वयंपाकघरात गेला आणि चुलीजवळ पाटावर बसून तिच्याबरोबर वाटाणे सोलू लागला. मी आत गेले नाही. बाबांनी मला खूण केली, बसून राहा म्हणून.

पुढचे काही दिवस सोन्याचे गेले. जामसांवलीला गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजून झाले, वांग्याची भाजी झाली. माय पायात भिंगरी लावल्यासारखी फिरत होती. नागपूरकडची गाडी शिट्टी वाजवून जायची आणि ती जागची हलायची नाही. एकदा मी मुद्दाम म्हटलं, गाडी आली गं. ती म्हणाली, "येऊ दे ना, मले काय करायचं?"

जायच्या आदल्या रविवारी मुकुंदानं भैय्याजींकडून तिकडे फोन लावला, बायकोशी बोलायला. माय बरोबर गेली होती. मीही होते. बायकोशी बोलून झालं आणि मग पोरगी फोनवर आली. ती काय बोलत होती ते कळत नव्हतं, अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. पण रडत होती हे रिसीव्हरबाहेर ऐकू येत होतं. "येतो ना बेटा, येतोच आहे," मुकुंदा म्हणत होता आणि त्याचा आवाज चिरकत होता. आम्ही असलेलं तो विसरला होता. माय मान वाकडी करून ऐकत होती, नेहमी ऐकायची तशी. तो फोन ठेवून वळला तेव्हा तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं.

वाटेत तिनं विचारलं, "लय रडते का ते?"

"रोज. झोपतच नाही म्हणते तिची आई."

माय घरी आल्यावर त्याची बॅग भरायला बसली.

निघताना स्टेशनवर त्यानं बाबांच्या हातातलं घड्याळ सोडलं आणि मायच्या हातावर बांधलं. तिच्या हिरव्या बांगड्यांच्या मागे ते काळं घड्याळ विचित्र दिसत होतं. "माय, आता तुझा आकडा सांगायचा. फोनवर, आत्ता बघून. जास्त आला ना, की मी येतो. तुझ्या शपथेवर सांगतो, येतो." तो मनापासून बोलत होता. गाडी सुटेपर्यंत त्यानं तिचा हात सोडला नाही.

आता मला वाटलं, मायनं लढाई जिंकली. तिला काही करायचंच नव्हतं. त्याचा आवाज ऐकला की तिचे ठोके आपोआप पळणार, आणि तिला तर खोटं बोलताच येत नाही. मी सौंसरला आले ती खुशीत. नवऱ्याला म्हटलंही, बघा, वर्षाच्या आत मुकुंदा पुन्हा येतो की नाही.

फेब्रुवारीतल्या रविवारी फोन यायचा होता. मी मुद्दाम सकाळच्या बसनं गेले. माय लुगडं नेसून तयार. गादीवर बसलो. फोन वाजला. बाबांनी चार शब्द बोलून रिसीव्हर माझ्याकडे दिला, मी तो मायच्या कानाला धरला, कारण तिचे दोन्ही हात घड्याळात गुंतले होते.

"माय, कशी आहेस? बोट ठेवलं का?"

"ठेवलं, बाप्पा."

चित्र लुकलुकलं. मी वाकून बघत होते. एकशे सोळा आला. मी आनंदानं मायकडे पाहिलं. तिनंही आकडा पाहिला. तिला आकडे वाचता येत होते, चांगले येत होते.

"किती आला, माय?"

ती लहान पोराला समजवावं तशा आवाजात म्हणाली, "बहात्तर."

"नक्की? नीट बघ."

"नीटच पाहिलं. बहात्तर हाये."

"मग छान आहे, माय. मग काही काळजी नाही."

"काई काळजी नाई," माय म्हणाली. "पोरीजोळ राय तू. पोरीले फोन दे."

पलीकडून पोरीचा आवाज आला, खुदकन हसण्याचा. मायनं डोळे मिटून घेतले. बोट काचेवरून उचलायचं तिच्या ध्यानात नव्हतं, आणि तिथला आकडा वाढतच चालला होता.